न्यूझीलंडमधील हरणांच्या शिकारीसाठी ट्रायपॉड : कॅमेऱ्याचाच चालेल का?

प्रश्न : मंगळवारपेठकर

माझे मेहुणे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, कँटरबरी भागात स्थायिक असून तिथे परवाना घेऊन रीतसर शिकार करतात. मार्चअखेरीस, म्हणजे रेड डिअर जातीची हरणे माजावर येतात त्या दिवसांत, मी त्यांच्याकडे जाणार आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. चर्चा त्या दिशेला वळू नये म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

मेहुण्यांची रायफल .३०८ कॅलिबरची, लाकडी दस्त्याची, दुर्बिणीसह साधारण साडेचार किलोंची आहे. ती टेकवण्यासाठी येताना एक चांगला ट्रायपॉड घेऊन या, दोघांना वापरता येईल, असे त्यांनी सुचवले आहे. माझ्याकडे दाजीपूरला लांब लेन्ससाठी वापरतो तो अ‍ॅल्युमिनियमचा, चार टप्प्यांच्या पायांचा, मधला दांडा वर सरकणारा ट्रायपॉड आणि साधे बॉल हेड (गोल गोळ्यावर सर्व दिशांना वळणारे वरचे डोके) आहे. त्याच्यावर १५ किलो भारक्षमता छापलेली आहे. हाच नेला तर चालेल, की फक्त हेड बदलावे, की सगळेच नवे घ्यावे? माझी उंची पाच फूट आठ इंच आहे.

उत्तर : शिरोलीचा यंत्रवाला

आधी तो १५ किलोंचा आकडा मनातून काढून टाकावा. भारक्षमता कशी मोजायची याचे सर्व उत्पादकांना बंधनकारक असे एकच मानक नाही, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो. शिवाय साडेचार किलोंच्या ओझ्याने कोणताही बरा ट्रायपॉड मोडत नाही. अडचण असते ती कंपाची आणि पिळाची, आणि त्याबद्दल डब्यावर अक्षरही छापलेले नसते.

पायाची नळी किती ताठ राहते हे मुख्यतः तिच्या व्यासावर ठरते. धातू आणि भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २८ मिमीवरून ३२ मिमी केला, तर वाकण्याला होणारा विरोध जवळजवळ दीडपट होतो, कारण पातळ भिंतीच्या नळीत तो व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दुसरी गोष्ट टप्प्यांची. प्रत्येक खालचा टप्पा वरच्यापेक्षा तीन-चार मिमीने बारीक असतो, म्हणजे चार टप्प्यांच्या पायात जमिनीला टेकणारा भाग अगदीच काडीसारखा उरतो आणि एक लॉक जास्त येते. मिटल्यावर थोडा लांब राहिला तरी चालेल, पण पाय तीन टप्प्यांचेच घ्यावेत. मधला दांडा नकोच. तो वर काढला की तीन पायांवर आपण एक पाय उभा केलेला असतो.

कार्बन फायबर की अ‍ॅल्युमिनियम, यावर लोक उगीच भांडतात. त्याच ताठपणाला कार्बन हलका पडतो, कंप लवकर शमवतो आणि थंडीत हाताला चटका देत नाही, एवढे त्याच्या बाजूने आहे. मात्र बारीक नळीच्या कार्बनपेक्षा जाड नळीचे अ‍ॅल्युमिनियम मी केव्हाही पसंत करीन.

तुमच्या हातातल्या ट्रायपॉडची परीक्षा घरीच घ्या. कॅमेरा लावून लांब लेन्स पूर्ण झूमवर ठेवा, स्क्रीनवर दूरच्या एखाद्या खांबाची कडा धरा आणि पायावर बोटाने हलकी टिचकी मारा. प्रतिमा स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. मग हेड काढून वरची चकती दोन्ही हातांनी धरा आणि ओले कापड पिळावे तसा पीळ देऊन पाहा. पाय जिथे वरच्या कास्टिंगला जोडलेले असतात तिथे खेळ जाणवला, तर आधी बोल्ट आवळावेत. आवळूनही खेळ राहिला, तर भोके घासून मोठी झाली आहेत असे समजावे आणि त्यावर नव्या हेडचा खर्च करू नये.

उत्तर : रेंजवरचा

वरील उत्तर पायांपुरते पुरेसे आहे. मी रायफलच्या बाजूने लिहितो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात रायफलला टेकू चालत नाही. गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तिन्ही स्थितींत ती स्वतःच्या हाडांवर तोलावी लागते, स्नायूंवर नव्हे. त्यामुळे आमच्याकडे तिपाई दिसते ती फक्त स्पॉटिंग स्कोपखाली, म्हणजे लक्ष्यावरची भोके पाहायच्या दुर्बिणीखाली. हे सांगण्याचे कारण असे की ट्रायपॉड रायफलचा पुढचा भागच धरतो आणि खांद्याकडचे टोक मोकळेच राहते. उभे राहून नेम धरल्यावर दुर्बिणीतला काटा जो हलत राहतो, तो बहुधा तुमच्या श्वासाने आणि कमरेतून हलतो. महागड्या पायांनी तो थांबत नाही. म्हणून ट्रायपॉड निवडताना तो बसल्या उंचीला कसा उभा राहतो हे आधी पाहावे. पाय निदान दोन-तीन वेगवेगळ्या कोनांत अडकणारे हवेत, म्हणजे जमिनीवर बसून, कोपरे गुडघ्यांच्या आत टेकवून आणि उजव्या काखेखाली पाठपिशवी सारून दोन्ही टोके स्थिर करता येतात. उभ्याने मी नवशिक्याला दीडशे मीटरच्या पुढे नेम धरू देणार नाही, ट्रायपॉड कितीही भारी असला तरी.

उभ्याची उंची मात्र काढून ठेवावी. तुमचे डोळे जमिनीपासून सुमारे १६० सेंमीवर असतील. पाय फाकवून किंचित पुढे झुकल्यावर दहा सेंमी कमी होतात, हेडचे साधारण दहा आणि दस्त्याच्या तळापासून दुर्बिणीच्या मध्यापर्यंतचे आणखी दहा वजा करा. सपाटीवर १३० सेंमी पुरतील. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला ठेवायचा असतो, आणि खालचे दोन लांबवावे लागतात, म्हणून मधल्या दांड्याशिवाय १५० सेंमीपर्यंत जाणारा ट्रायपॉड तुम्हाला पुरेसा आहे.

हेडबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रायफलचे वजन बॉलच्या बरेच वर राहते, त्यामुळे साधे बॉल हेड जरा सैल केले की रायफल एका कुशीवर ढळते. घर्षण कमीजास्त करण्याचा वेगळा स्क्रू असलेले मोठ्या बॉलचे हेड, किंवा त्याहून चांगले म्हणजे पाय जिथे जोडलेले असतात त्या वरच्या खांद्यातच बसणारा बुटका लेव्हलिंग बेस (थोडी कलवून समतल करता येणारी बैठक) घ्यावा. त्यावर अर्का पद्धतीचा क्लॅम्प (तिरप्या कडांची पट्टी आवळून धरणारी पकड) असला, म्हणजे त्याच ट्रायपॉडवर कॅमेरा, द्विनेत्री दुर्बीण आणि रायफल आलटून पालटून बसतील.

रायफल धरण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दस्त्याच्या पुढच्या भागाखाली पट्टी बसवून ती क्लॅम्पमध्ये अडकवणे. दुसरा म्हणजे रबरी जबड्यांच्या चिमट्यात दस्ताच धरणे. दुसरा मार्ग मेहुण्यांच्या लाकडी दस्त्याला भोके न पाडता काम भागवतो म्हणून तो सोयीचा वाटेल, परंतु चिमटा जोराने आवळला तर पातळ लाकूड दबून रायफलच्या नळीला टेकू शकते, आणि नळीला स्पर्श झाला की गोळी लागण्याची जागा बदलते. चिमटा आवळल्यावर दस्ता आणि नळी यांच्यामध्ये साध्या कागदाची पट्टी घालून मागेपुढे ओढून पाहावी. ती अडखळली तर आवळ सैल करावी. पिशवीवर टेकवून झिरो केलेली (म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी येतील अशी जुळवलेली) रायफल ट्रायपॉडवरून पुन्हा तपासावी, हे मेहुण्यांना माहीत असेलच.

आणखी एक. भरलेली रायफल ट्रायपॉडवर अडकवून कोणीही बाजूला होऊ नये. बसणे, पाय, टेकू सगळे जमल्यावरच गोळी चेंबरमध्ये जावी.

उत्तर : क्राइस्टचर्चहून कोल्हापूरकर

मी इथे शिकारीला क्वचितच जातो, पण तुमच्या उपयोगाच्या दोन गोष्टी सांगतो. दाट रानात जनावर पन्नास-साठ मीटरवर दिसते आणि ट्रायपॉड उघडेपर्यंत नाहीसे होते. तिथे तो पाठीवरच राहणार. मोकळ्या दऱ्यांत आणि वरच्या गवताळ उतारांवर, जिथे थार आणि शॅमॉय ही डोंगरी शेळ्यांसारखी जनावरे असतात, तिथे त्याचा खरा उपयोग आहे, आणि तोही मुख्यतः दुर्बीण लावून तासन्‌तास समोरचा डोंगर धुंडाळण्यासाठी. थार मूळचे हिमालयातले. ते इथे १९०४ मध्ये आणून सोडले. त्यामुळे तुम्हाला अगदीच परके वाटणार नाहीत.

दुसरी गोष्ट विमानतळावरची. बाहेर वापरलेले बूट, तंबू, ट्रायपॉड हे सर्व इथे उतरताना फॉर्मवर जाहीर करावे लागते, कारण माती आणि बियांबाबत हा देश फार काटेकोर आहे.

मंगळवारपेठकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टिचकीची परीक्षा केली. मधला दांडा खाली असताना प्रतिमा लवकर स्थिर होते, वर काढल्यावर बराच वेळ डुलत राहते. खांद्यात खेळ नाही. दांडा पूर्ण काढून टाकता येतो आणि पायांची उंची तेव्हा १३४ सेंमी भरते. म्हणजे फक्त लेव्हलिंग बेस घेऊन भागेल का? आणि टोकाला रबर ठेवावे की लोखंडी खिळे?

उत्तर : रेंजवरचा

दांडा काढल्यावर उरलेल्या भोकात लेव्हलिंग बेस बसतो की नाही, हे आधी मोजून पाहा; पुष्कळ कॅमेरा ट्रायपॉडमध्ये तो बसत नाही आणि मग ३/८ इंची आट्यावर बसणारे बुटके हेड घ्यावे लागते. तेवढे जमले तर बसून वापरण्यासाठी तुमचा ट्रायपॉड पुरेसा आहे. नवा घ्यायचाच झाला तर तिकडे जाऊन, मेहुण्यांची रायफल वर ठेवून मगच घ्या. इथून तर्काने घेऊन नेण्यात हशील नाही. उतारावर उभ्याने नेम धरायला १३४ कमी पडतील, पण त्याचा आग्रह धरू नये हे मी वर लिहिलेच आहे.

टोके बदलता येणारी असावीत. मसाई पठारासारख्या जांभ्याच्या कातळावर खिळे सरकतात आणि रबर धरते, तर ओल्या गवताच्या उतारावर नेमके उलट होते. सराव म्हणून कॅमेरा लावूनच पठारावर बसल्या उंचीला ट्रायपॉड झटपट उघडण्याची सवय करा. तिथे हाताला वेळ लागला तर हरणासमोर त्याहून जास्त लागेल. परत आल्यावर प्रत्येक टप्पा पूर्ण बाहेर काढून, लॉकच्या आट्यांतली तांबडी माती जुन्या टूथब्रशने धुऊन, वाळवूनच तो सामानात भरा.