डोकेदुखी, मार आणि आमचा सोसायटी ग्रुप

(नागाळा पार्क, रविवारी रात्री पावणेअकरा)

बी-३०२ काका: पार्किंगात पोराला दोन लावल्या तर एवढा गवगवा? आम्ही काय कमी मार खाल्ला? झालं का काय?

सी-१०१: काका, मला झालं. बाराव्या वर्षापासून अर्धशिशी. बाबा पिऊन यायचे. लुनाचा आवाज गल्लीच्या तोंडाला आला की पोटात गोळा. आता ४१ ची आहे. डॉक्टरांनी चहा विचारला, झोप विचारली, पाळी विचारली. हे कुणीच नाही. सासरी तर 'नाटकं' म्हणायचे.

ए-२०४ सिस्टर: वैनी, नाटक नव्हं ते. अमेरिकेत सॅन दिएगोला १९९५ ते १९९७ मध्ये १७ हजारांवर लोकांना लहानपणीचा मार, घरातली दारू, भांडणं सगळं विचारलेलं. असले अनुभव जितके जास्त, तितकी मोठेपणी वारंवार डोकं दुखायची तक्रार जास्त निघाली. लहान जीव सारखा धास्तीत राहिला की कॉर्टिसॉलचं, म्हणजे ताणाच्या हार्मोनचं, चक्र बिघडतं, अंगात दाह राहतो, असा अंदाज आहे.

बी-३०२ काका: म्हंजे काय बी झालं की बापाच्या नावानं बिल फाडायचं! लई सोपं हाय.

ए-२०४ सिस्टर: तसं नाही काका. नॉर्वेत सुमारे ७८ हजार बायकांची माहिती बघितली. ३०० जणींना एमएस झाला, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, नसांवरचं आवरण खराब होतं तो आजार. त्यांतल्या २४ टक्के जणींनी लहानपणी छळ झाल्याचं सांगितलं, बाकीच्यांत १९ टक्के.

बी-४०१: पाच टक्क्यांसाठी एवढं रामायण?

ए-२०४ सिस्टर: संबंध दिसला, एवढंच. छळ झालेल्या बहुतेक जणींना एमएस झालाच नाही, हे पण त्यातच आहे की.

ए-२०३: हा मेसेज डिलीट केला आहे

बी-३०२ काका: काय लिवलंवतं?

ए-२०४ सिस्टर: राहू दे काका.

सी-१०१: सिस्टर, हे डॉक्टरला सांगू? 'मनाचं आहे' म्हणून गोळ्या बंद केल्या तर?

ए-२०४ सिस्टर: सांगा बिनधास्त. स्वतःहून काही बंद करू नका. आणि वही घाला. कधी दुखलं, किती वेळ, कुठली गोळी. साधी पेनकिलरसुद्धा महिन्यात १५ दिवसांवर जायला लागली, की तीच डोकं दुखवते.

सी-१०१: वीस दिवस तरी होतात.

ए-२०४ सिस्टर: अगं बाई! उद्या ड्युटीवरनं आले की वर या. पाकिटं पण आणा सगळी.

ॲडमिन: टाकी वाहत्या. मोटार कुणी चालू ठेवली?