पार्टी ऐच्छिक, पण हजेरी सक्तीची
ऑफिसच्या पार्टीबद्दल ‘फुकटचं खायला मिळतंय, वर कुरकुर कसली?’ असं म्हणतात, ते काही पटलं नाही. आमची डिसेंबरची पार्टी लोअर परळला, वेळ आठची. साहेब उगवतात साडेनऊला. मग भाषण, मग बक्षिसं, आणि जेवणावरची झाकणं उघडेपर्यंत अकरा. तोवर बदलापूर-विरारवाले एका हातात पनीर टिक्क्याची टूथपिक, दुसऱ्या हातात लोकलच्या वेळा सांगणारं एम-इंडिकेटर ॲप धरून उभे. त्यात मार्गशीर्षातला गुरुवार आला की झालंच! अर्ध्या जणी पूजेसाठी लवकर सटकायच्या खटपटीत.

मुलींच्या परतीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामाला ठेवायचं तर त्यांची संमती हवी आणि घरापर्यंत वाहनही द्यावं लागतं. पार्टी म्हणजे ‘काम’ नाही, म्हणून एचआर गाडीचं नाव काढत नाही. न गेलं तर सोमवारी ‘टीम स्पिरिट’चे टोमणे मात्र खायचे. (अप्रेझल जवळ आलं की हे टोमणे जास्तच झोंबतात.)

दुपारी ऑफिसातच जेवण ठेवा, चारला घरी सोडा. निम्म्या खर्चात लोक दुवा देतील.