मदत हवी आहे : संबळ आणि ड्रमसेट एकत्र कसे ऐकू येतील?

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजचा २६ जणांचा लोकवाद्यवृंद आहे. संबळ, दिमडी, हलगी, चौंडकं, तुणतुणं, टाळ, आणि जोडीला कीबोर्ड, बेस गिटार, ड्रमसेट. गोंधळापासून सुरुवात करून जागरणाच्या ठेक्यावर संपणारी पंधरा मिनिटांची रचना बसवतोय.

पहिली अडचण आवाजाची. किक ड्रम आणि बेस सुरू झाले की संबळाचा घुमारा पार बुडतो. वाकड्या काठीने निघणारा तो खर्जातला आवाज हाच तर गोंधळाचा जीव! त्याला माइक कुठून आणि किती अंतरावर लावावा? की तेवढ्या भागात बेसच थांबवावा? मला तेच पटतंय, पण गिटारवाली मुलं नाराज आहेत.

दुसरी अडचण सुराची. मुली काळी पाचमध्ये गातात, मुलं काळी एकमध्ये (म्हणजे पेटीची पाचवी आणि पहिली काळी पट्टी 'सा' धरून). तुणतुण्याला एकच तार, मध्येच सूर बदलायला वेळ मिळत नाही. दोन तुणतुणी वेगवेगळ्या सुरांत लावून ठेवणं योग्य होईल का?

शिवाय पावसाळी हवेत हलगी उतरते, म्हणजे चामडं सैल पडून आवाज बसतो. एरवी आम्ही शेकून घेतो, पण सभागृहात जाळ करता येत नाही. हेअर ड्रायरने चामड्याला इजा होते का? फायबरच्या पानाची हलगी घ्या असं काहींनी सुचवलं, पण तिचा कडकडाट मला कोरडा वाटतो.

गोंधळी किंवा वाघ्या-मुरळी परंपरेतलं कुणी इथे असेल तर कृपया जरूर सांगा. आमचा ठेका कुठे चुकत असेल तर तेही ऐकायचंय. सरावाची ध्वनिफीत पाठवू का?