फ्रेंच पद्धतीचं मोजकं कपाट पुण्यात जमतं का?

निळी_घडी

नमस्कार मंडळी. वय ३६, राहायला वारजे, ऑफिस हिंजवडी फेज दोन, जाणंयेणं ॲक्टिव्हावर. गेल्या शनिवारी कपाट आणि दिवाणाच्या आतलं सगळं बाहेर काढून पलंगावर ठेवलं. साड्या सोडून १४३ कपडे निघाले. त्यातले गेल्या दोन महिन्यांत मी घातलेले मोजले तर जेमतेम १९. बाकीचे म्हणजे सेलमध्ये घेतलेले कुर्ते, कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरचे टॉप आणि रात्री अकरा वाजता फोनवर मागवलेलं बरंच काही. आणि तरीही रोज सकाळी सव्वाआठला कपाटापुढे उभी राहून मला सुचत नाही काय घालू.

हे सगळं डोक्यात शिरलं २०१९ साली. कंपनीनं तीन आठवडे पॅरिसला पाठवलं होतं. तिथल्या टीममध्ये पन्नाशीच्या एक बाई होत्या. आठवड्यातले चार दिवस त्यांच्या अंगात तोच नेव्ही ब्लेझर असायचा. आत कधी पांढरा शर्ट, कधी राखाडी टीशर्ट, खाली सरळ कटाची जीन्स. दागिना म्हणाल तर एक घड्याळ. तीन आठवड्यांत मला एकदाही वाटलं नाही की यांनी कालचंच घातलंय. त्या रोज नीटनेटक्या दिसायच्या आणि रोज त्यांच्यासारख्याच दिसायच्या. मला तसं व्हायचंय. सुंदर वगैरे नंतर, आधी स्वतःसारखं.

परत आल्यावर इंटरनेटवरच्या याद्या वाचल्या. सगळीकडे तेच: पांढरा शर्ट, निळ्या पट्ट्यांचा टीशर्ट, काळा ड्रेस, ट्रेंच कोट (कमरेला पट्टा असलेला लांब कोट), ब्लेझर, जीन्स, बॅले शूज, रेशमी स्कार्फ. एका वेबसाइटवरून बेज रंगाचा ट्रेंच कोट मागवलाही. दोनदा घातला. मागच्या पावसाळ्यात त्याच्या कॉलरवर बुरशी आली.

या वर्षी माझ्याकडे पंधरा हजार आहेत. एप्रिलमधलं चाळीस डिग्रीचं ऊन, जूनपासूनचा चिखल, ऑफिसातला गारठवणारा एसी आणि मध्येच येणारी लग्नं-मुंजी, या सगळ्यांत ही यादी चालते का? कोणी केलंय का खरोखर?

खराडीची_सकाळ

मी केलंय, तीन वर्षं झाली. थोडक्यात सांगते. बॅले शूज अजिबात नको. तळ पातळ असतो, पहिल्या पावसात संपतात. ब्लेझर घ्या, पण बिनअस्तराचा आणि सुती, म्हणजे एसीत घालता येतो आणि गाडीवर घडी करून डिकीत ठेवता येतो. रंग तीनच ठेवा. मी नेव्ही, पांढरा आणि गेरू ठेवले. सुरुवातीला दोन महिने कंटाळा आला, नंतर सकाळची वीस मिनिटं वाचायला लागली आणि कंटाळा कुठे गेला कळलंही नाही.

उरेबपट्टी

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मशीन बंद करून लिहायला बसले. मी सदाशिव पेठेत शिवणाचे वर्ग घेते, २६ वर्षं झाली. त्याआधी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले होते आणि लग्नानंतर यजमानांच्या संशोधनासाठी दोन वर्षं ल्यॉंला होते. त्यामुळे या विषयात माझा जीव दोन्हीकडून अडकलेला आहे.

ल्यॉंला आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई एकट्या राहायच्या. त्यांचं कपाट एका दाराचं होतं. तीन शर्ट, दोन स्कर्ट, एक गडद निळं लोकरी कार्डिगन, एक चांगला कोट, आणि एक काळा ड्रेस जो नाटकालाही जायचा आणि अंत्यविधीलाही. बिस्किटाच्या डब्यात बटणं. एकदा मी गेले तर त्या खिडकीशी बसून पांढऱ्या शर्टाची कॉलर उसवत होत्या. मानेशी घासून विरली होती. ती त्यांनी पालटली, विरलेली बाजू खाली गेली, चांगली वर आली, आणि हातानं परत बसवली. मी बघतच राहिले. कारण माझे वडील सरकारी नोकरीत होते आणि आमच्या वाड्यासमोरचे शिंपीकाका त्यांच्या शर्टाचं नेमकं हेच करायचे. 'कॉलर पालटून आणा' हे वाक्य मी लहानपणी महिन्याआड ऐकलंय. पालटलेल्या कॉलरवर शर्ट आणखी दोन-तीन वर्षं जायचा.

पॅरिसच्या त्या बाईंचा ब्लेझर तुम्हाला रोज नवा का वाटला, ते मला माहीत आहे असं मी ठामपणे सांगते. त्याचा खांदा बसलेला होता. तुम्ही रंग पाहिलात, मी असते तर मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, पाहिला असता. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपते की दंडावर उतरते, एवढ्यावर निम्मं काम होतं. तयार कपडा घेताना खांदा बसला तरच घ्या. कंबर आत घेता येते, लांबी कमी करता येते, बाही आखूड होते. खांदा बदलायचा तर बाही, कॉलर सगळं उसवावं लागतं आणि तेवढ्या पैशात नवीन शिवून होतं.

दुसरं, कपडा उलटा करून शिवण बघा. शिवणीत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, किती सोडली आहे? आजकालच्या स्वस्त तयार कपड्यात ओव्हरलॉकसकट पाव इंच असते. म्हणजे अंग जरासं भरलं की कपडा संपला. माझ्याकडे मुली शिकायला येतात त्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, बाजूच्या शिवणीत एक इंच माया सोडायची. पॅरिसच्या उंची शिवणघरांतही रुंद माया सोडतात, ती याच कारणानं: गिऱ्हाइकाचं अंग बदलतं आणि कपडा परत येतो. बाळंतपणानंतर, चाळिशीनंतर, आजारपणानंतर. तुम्ही ३६ च्या आहात. जो कपडा तुम्हाला ४६ व्या वर्षीही हवा आहे, त्यात त्या शरीरासाठी आत्ताच जागा ठेवावी लागते. टाकेही मोजा. चांगल्या शर्टाला इंचात बारा-चौदा टाके असतात, घाईच्या कामात आठ.

आता यादीबद्दल. ती यादी तिथल्या हवेची आहे. पॅरिसला जुलैतली दुपारसुद्धा सरासरी २५-२६ अंशांची असते, म्हणून तिथे एकावर एक घालता येतं. ट्रेंच कोट तर फ्रेंचही नाही, इंग्रजी लष्कराचा आहे. आपल्याला एकच थर मिळतो, तेव्हा सगळा भार कापडावर येतो. आणि कापडात पुणं अजिबात गरीब नाही. रविवार पेठेतल्या कापडगंजात जा, लक्ष्मी रोडवर मीटरनं कापड देणारी दुकानं आहेत, खादी भांडार आहे. मंगळगिरी (आंध्रचं हातमागाचं सुती), सुती पॉपलीन, कोरी, म्हणजे ब्लीच न केलेली, खादी हाताळून बघा. मुठीत दहा सेकंद चुरगाळा आणि सोडा. कशा घड्या पडतात ते दिसतं. उजेडासमोर धरा, पोत एकसारखा आहे का बघा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ४४ इंची पन्ह्यात शर्टाला सव्वादोन मीटर लागतं. आणि शिवण्याआधी रात्रभर भिजवून आटवून घ्या, हे विसरू नका.

लिनन जरूर घ्या. फ्रान्सची ही खरी देणगी आहे. लिननसाठी जवस सगळ्यात जास्त पिकतो तो फ्रान्समध्ये, नॉर्मंडीच्या बाजूला. आपण ज्याच्या बियांची चटणी करतो तोच जवस, फक्त धाग्यासाठी लावतात ती जात उंच असते आणि धागा खोडातून काढतात. घाम टिपतो, पटकन वाळतो, पावसाळ्यात घरात दोरीवर टाकला तरी बऱ्यापैकी लवकर सुकतो. सुरकुत्या पडतात, त्या पडू द्या. माझ्या ल्यॉंच्या बाई इस्त्री फक्त कॉलरला आणि कफला करायच्या.

पांढऱ्या शर्टाबद्दल एक कळकळीची विनंती. शुभ्र पांढरा घेऊ नका. गाडीवर, सिंहगड रोडच्या धुळीत, तो तीन महिन्यांत दमतो. कोऱ्या कापडाचा, किंचित सायीसारखा रंग घ्या. तो गव्हाळ आणि सावळ्या कांतीवर फार सुंदर दिसतो. काखेत पिवळे डाग पडतात ते घाम आणि डिओडरंटमधल्या ॲल्युमिनियमचे. त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर आणखी पिवळे होतात. त्याच रात्री साध्या पाण्यात भिजवा, पुरे.

काळ्या ड्रेसचा विचार मी बराच केला आहे. १९२६ साली अमेरिकन 'व्होग' मासिकानं फ्रेंच डिझायनर कोको शनेलच्या साध्या काळ्या ड्रेसचं चित्र छापलं आणि त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली. कोणालाही चालेल, कुठेही चालेल, या अर्थानं. ते वाचलं तेव्हा मला माझ्या आजीची चंद्रकळा आठवली. काळी, सुती, लाल काठाची, अंगावर बाकी नक्षी नाही. संक्रांतीला नेसायची आणि एरवी बाहेर कुठे जायचं असलं तरी तीच. तुमच्याकडे आईची किंवा आजीची चंद्रकळा असेल तर ती वर काढा, पिको-फॉल नवीन करून घ्या. लग्न-मुंजीचा प्रश्न तिथे सुटतो, पंधरा हजारांतला रुपयाही न जाता.

पैसे मी असे घालेन: लिननचा एक शर्ट आणि कोऱ्या पॉपलीनचा एक, दोन्ही मापानं शिवून. नेव्ही सुती बिनअस्तराचा ब्लेझर, खराडीच्या ताईंनी सांगितला तसा. तिथे हात आखडू नका, निम्मे पैसे तिथे गेले तरी चालतील. एक गडद निळी पँट. उरलं तर चामड्याची चांगली चप्पल, उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी. आणि शर्ट पहिल्यांदा शिवताय म्हणून आधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, नमुना शिवून घ्या. फ्रेंच शिवणघरांत हेच करतात, त्याला 'त्वाल' म्हणतात. शे-दीडशे रुपयांचं मांजरपाट लागेल, पण खांदा, मुंढा, छातीचे टक्स सगळं त्यावर दुरुस्त होतं. तो नमुना जपून ठेवा. पुढची दहा वर्षं प्रत्येक शर्ट त्यावरून कापता येईल.

शिडाचं_कापड

मर्चंट नेव्हीत ३१ वर्षं काढून आता बावधनला स्थिरावलो आहे. कपड्यांतलं मला फार कळत नाही, पण पट्ट्यांच्या टीशर्टावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

तो फ्रेंच नौदलाचा गणवेश आहे. २७ मार्च १८५८ च्या आदेशानं ठरला. पुढच्या-मागच्या बाजूला २१ पांढरे पट्टे, प्रत्येक २० मिलिमीटरचा, आणि मधले निळे १० मिलिमीटरचे. मी ल हाव्र बंदरात एक घेतला होता, १९९४ साली. जाड, घट्ट विणलेला सुती. तो अजून आहे, कोपरापाशी विरलाय, मुलगी घालते. दुकानात आता मिळतात त्यांचं कापड बहुतेक वेळा हातात धरलं की पलीकडचं दिसतं. तसा असेल तर घेऊ नका.

आणि जीन्सबद्दल. 'डेनिम' हा शब्द फ्रान्समधल्या नीम गावावरून आला असं मानतात. पण 'डंगरी' हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीचा. तिथून जाड्याभरड्या सुती कापडाचे तागे जहाजांवर चढायचे आणि इंग्रज खलाशी त्याच्या विजारी शिवायचे. आम्ही इंजिन रूममध्ये घालायचो त्या बॉयलर सूटला जुने चीफ इंजिनियर डंगरीच म्हणत. कष्टाचं कापड टिकतं. उरेबपट्टी ताई म्हणतात ते कॉलर पालटणं माझ्या वडिलांनीही केलंय, वाचून घशात दाटून आलं.

निळी_घडी

उरेबपट्टी ताई, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. काल ते १९ कपडे उलटे करून बघितले. दोन कुर्ते सोडले तर कशातच पाव इंचाहून जास्त माया नाही. ते दोन कुर्ते आईनं २०११ साली कर्वे रोडवरच्या एका शिंप्याकडून शिवून घेतले होते, माझ्या पहिल्या नोकरीसाठी. मी तेच सगळ्यात जास्त घालते, आणि का घालते हे मला काल कळलं. दोन्ही एकेकदा उसवून सैल केलेले आहेत, जुन्या शिवणीची रेघ आत दिसते.

चंद्रकळा आहे. आईकडे होती, लोखंडी पेटीत. काठाशी एक लहानसं भोक आहे, कसरीनं खाल्ल्यासारखं. शिवाय शेवटचा प्रश्न, त्या ट्रेंच कोटाचं काय करू? टाकवत नाही.

उरेबपट्टी

कसर सुती कापडाला सहसा लागत नाही, पेटीच्या गंजानंही तसं भोक पडतं. कडा तांबूस आहेत का बघा. असतील तर घासू नका, फाटत जाईल. रफू करून घ्या. आपल्याकडे पेठांत अजून रफूगार आहेत. त्याला साडीच्या आतल्या टोकाचा, निऱ्यांत जाणारा, धागा काढून द्या म्हणजे रंग तंतोतंत जुळेल. आणि पेटीत परत ठेवू नका. सुती पंचात गुंडाळून कपाटात ठेवा, दर सहा महिन्यांनी घडी मोडून वेगळी घाला.

कोट आधी उन्हात चार तास उलटा टांगा, मग बुरशी मऊ ब्रशनं घराबाहेर झटका. गॅबर्डिनची, म्हणजे त्या कोटाच्या घट्ट कापडाची, वीण चांगली असली तर तो गुडघ्याच्या वीतभर वर कापून घ्या. गाडीवर बसताना खाली अडकणार नाही आणि डिसेंबरच्या सकाळी वारज्याहून हिंजवडीला जाताना वारा अडेल. कापलेल्या पट्टीतून आतल्या बाजूला एक खोल खिसा निघतो, त्यात फोन आणि पाकीट मावतं. कापताना खालच्या कडेला दोन इंच माया दुमडून ठेवायला सांगा, पुढे कधी लांबी सोडावीशी वाटली तर.