मदत हवी आहे: स्प्रिंग ब्रेकला कुठे जावं?

मार्चअखेरीस मुलांना स्प्रिंग ब्रेक आहे आणि घरात अजून एकमत नाही. यलोस्टोन नॅशनल पार्क बाद, तिथले बहुतेक रस्ते एप्रिलच्या मध्यापर्यंत गाड्यांना बंदच असतात. ऑरलँडोच्या थीम पार्कांमधल्या रांगांत ताटकळायची माझी तयारी नाही (मुलांना अजून सांगितलेलं नाही!). उरलं ग्रँड कॅन्यनचं साउथ रिम (दरीचा दक्षिण काठ) नाहीतर वॉशिंग्टन डीसी. रिम सुमारे ७,००० फुटांवर, मार्चमध्ये बर्फही पडतो, आणि सोबत गुडघेदुखीवाल्या सासूबाई. डीसीत स्मिथसोनियनची म्युझियम फुकट, चेरी ब्लॉसमही साधारण तेव्हाच, पण गर्दीचं काय? आजी-नातवंडांना घेऊन या दिवसांत कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा: रिमवर व्हीलचेअर कितपत नेता येते? आणि डीसीत मेट्रोजवळ हॉटेल घ्यावं की गाडी न्यावी?