हाँगकाँगच्या पद्धतीच्या परतलेल्या नूडल्स घरी करताना त्यांचा लगदा का होतो?

सुरसागरकाठची

नमस्कार. आमची कन्या नोकरीनिमित्त दोन वर्षे हाँगकाँगला होती आणि मागच्या महिन्यात बडोद्याला परत आली. तिथे सकाळी कामावर जाताना पेजेच्या दुकानात ज्या परतलेल्या नूडल्स मिळतात, त्या घरी करून पाहाव्यात असा तिचा आग्रह आहे. तिच्या सांगण्याप्रमाणे त्या बारीक, तपकिरी आणि जवळजवळ कोरड्या असतात. त्यांत मुगाचे लांब मोड, कांदा आणि कांद्याची पात एवढेच असते. तिखट, व्हिनेगर किंवा रस यांपैकी काहीही नसते, आणि सोबत वाटीभर तांदळाची पांढरी पेज देतात.

मी आतापर्यंत तीनदा प्रयत्न केला. बाजारातल्या ३०० ग्रॅमच्या हाका नूडल्सचे पूर्ण पाकीट उकडले, चाळणीत ओतले, वरून थोडे तेल लावले आणि लगेच मोठ्या नॉनस्टिक कढईत कोबी, गाजर व ढोबळी मिरचीबरोबर परतायला घेतले. सोया सॉस चार मोठे चमचे घातला. तिन्ही वेळा तळाशी पाणी सुटले, नूडल्स तुटल्या, त्यांचा गोळा झाला आणि चव खारट व किंचित कडवट आली. शेगडी पाइपच्या गॅसची आहे आणि आच पूर्ण मोठी ठेवली होती. घरात मांस शिजत नाही, परंतु अंडे चालते. चूक नूडल्सच्या जातीत आहे, आचेत आहे की सॉसमध्ये, हे कोणी समजावून सांगेल का?

लोखंडी कढई

ताई, तुमची मुख्य चूक पाण्याची आहे, आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघालेल्या आहेत. आपण फोडणीचा भात कधी वाफाळत्या ताज्या भाताचा करत नाही. रात्रीचा, गार आणि कोरडा झालेला भातच घेतो, कारण ताज्या भाताला फोडणीत टाकले की तो फडफडीत न राहता चिकट होतो. नूडल्सचे अगदी हेच आहे, आणि ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सगळे आपोआप सुचत जाते.

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे आच मोठी असूनही पाणी का सुटले ते कळेल. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर साधारण अडीच किलोवॅटचा असतो आणि त्यातली निम्मी उष्णता कढईत उतरली असे धरू. १०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६ किलोजूल उष्णता लागते, म्हणजे एवढे पाणी उडवण्यात तुमच्या शेगडीची तीन मिनिटे जातात. नूडल्सना चिकटलेले पाणी, कोबी आणि मिरचीतून सुटणारे पाणी आणि चार चमचे सॉस मिळून हा आकडा सहज ओलांडला जातो. तोपर्यंत कढईतले तापमान शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहते आणि नूडल्स परतल्या न जाता दुसऱ्यांदा उकडत राहतात. हॉटेलातल्या वॉकखालची, म्हणजे चिनी कढईखालची, शेगडी घरच्या बर्नरच्या दहापट किंवा त्याहूनही प्रखर असते. तिथे हेच पाणी काही सेकंदांत उडून जाते. आपली आच वाढवता येत नाही, म्हणून आपण पाणी आणि प्रमाण कमी करायचे.

आता कृती. दोन माणसांसाठी २०० ग्रॅम कोरड्या नूडल्स घ्या. पाकिटावर जेवढी मिनिटे लिहिली असतील त्याहून एक मिनिट कमी उकडा, चाळणीत ओतून थंड पाण्याखाली पिठाळपणा जाईपर्यंत धुवा आणि पूर्ण निथळू द्या. त्यानंतर परातीत सुती पंचा अंथरून त्यावर त्या मोकळ्या पसरा व पंख्याखाली निदान पाऊण तास ठेवा. सांडगे वाळत घालतो तितक्या निगुतीने पसरल्या तर उत्तमच. हाताला कोरड्या लागल्या पाहिजेत. या टप्प्यावर त्यांना तेल लावू नका, कारण तेलाच्या थराखाली ओल कोंडून राहते आणि पुढे सॉसही नीट धरत नाही.

कॅन्टनी, म्हणजे हाँगकाँग आणि आसपासच्या दक्षिण चीनमधल्या, नूडल्समध्ये अंडे असते किंवा पिठात क्षार असतो, बहुधा दोन्ही. या क्षारामुळेच त्या पिवळसर दिसतात आणि दाताला थोड्या ताठ लागतात. आपल्याकडच्या हाका नूडल्स बहुतेक निव्वळ मैद्याच्या असल्याने लवकर मऊ पडतात. खिचू, म्हणजे तांदळाच्या पिठाची उकड, करताना गुजराती घरांत पापडखार घालतात, त्याच जातीचा नूडल्समधला हा क्षार आहे. उकळत्या पाण्यात लिटरमागे अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा घातला तर नूडल्सना बऱ्यापैकी तसा ताठपणा येतो. सोडा त्याहून जास्त झाला तर मात्र साबणासारखी चव येते.

नॉनस्टिक कढई या कामासाठी बाजूला ठेवा. तिच्यावरचा थर सुमारे २६० अंशांपुढे खराब होऊ लागतो आणि त्याचे धूर श्वासात जाणे चांगले नसते, त्यामुळे ती रिकामी तापवताच येत नाही. पातळ लोखंडी कढई किंवा लोखंडी तवासुद्धा चालेल. भांडे धूर निघेपर्यंत तापवा, मग तेल फिरवा आणि एका वेळी निम्म्याच नूडल्स टाका. टाकल्यावर अर्धा मिनिट त्यांना हात लावू नका, खालची बाजू खरपूस होऊ द्या आणि मगच उलथा. चिनी आचाऱ्यांसारखे हवेत उडवण्याच्या भरीस पडू नका. त्यांची ज्वाळा कढईच्या काठापर्यंत येते, आपली फक्त तळाला लागते, म्हणून आपण कढई उचलली की ती थंडच होते.

प्रवासी पोट

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त सॉसविषयी सविस्तर लिहितो, कारण कडवटपणा तिथून आला असावा.

कन्येने ज्या नूडल्स खाल्ल्या त्यांना कॅन्टनी भाषेत ‘सी याउ वोंग चाउ मीन’ म्हणतात. ‘सी याउ’ म्हणजे सोया सॉस, ‘वोंग’ म्हणजे राजा, ‘चाउ’ म्हणजे परतणे आणि ‘मीन’ म्हणजे गव्हाच्या नूडल्स. नावातच सोया सॉसला राजा म्हटले असल्याने त्याची निवड चुकली तर पदार्थात उरतेच काय? चिनी स्वयंपाकात दोन वेगळे सोया सॉस वापरतात. फिका सॉस पातळ आणि खारट असून चव तोच देतो. गडद सॉस दाट, थोडा गोडसर असतो आणि तो मुख्यतः रंगासाठी असतो. आपल्याकडे नुसते ‘सोया सॉस’ लिहिलेली जी बाटली मिळते ती बहुधा गडद रंगाची असते. तिचे चार चमचे घातले तर रंग काळा होतो, मीठ वाढते आणि तापलेल्या कढईला थेट लागलेला सॉस करपून कडू होतो.

कोरड्या २०० ग्रॅम नूडल्ससाठी दीड मोठा चमचा फिका सॉस, एक चहाचा चमचा गडद सॉस, अर्धा चहाचा चमचा साखर आणि एक मोठा चमचा गरम पाणी एकत्र करून साखर विरघळेपर्यंत ढवळून ठेवा. हे मिश्रण नूडल्स खरपूस झाल्यावर शेवटच्या मिनिटात, दोन हप्त्यांत, त्यांच्यावरच शिंपडायचे. मीठ वेगळे घालायचे नाही. उतरवताना पांढऱ्या मिऱ्याची चिमूटभर पूड आणि भाजलेल्या तिळाच्या तेलाचे थोडे थेंब पुरतात. हे चिनी तेल भाजलेल्या तिळांचे असते, म्हणून घाण्यावरचे आपले तिळाचे तेल त्याऐवजी चालत नाही. ते नसेल तर थोडे तीळ खमंग भाजून वरून घाला.

परतण्यासाठी मात्र दुसरीकडे शोधण्याची गरज नाही. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात परंपरेने शेंगदाण्याचेच तेल वापरले जाते आणि बडोद्यात तर घरोघरी सिंगतेल असते. फक्त इथे रिफाइंड तेल घ्यावे. फिल्टर केलेल्या तेलाला वास सुंदर असतो, पण ते खूप आधी धूर सोडते. रिफाइंड साधारण २३० अंशांपर्यंत टिकते.

आणि कृपा करून कोबी, गाजर, ढोबळी मिरची काढून टाका. ती आपल्या लारीवरच्या, म्हणजे हातगाडीवरच्या, नूडल्सची ओळख आहे, या पदार्थाची नव्हे.

दांडियाबाजारचा खवय्या

लारीच्या नूडल्सवर एवढा राग नको. हाका हे मुळात चीनमधील एका समाजाचे नाव आहे. त्या समाजाचे लोक कोलकात्यात चामड्याच्या धंद्यात स्थिरावले आणि त्यांच्या रांधण्यातून आपले चायनीज पुष्कळसे घडले. कॅन्टनी लोकही कोलकात्यात होते, पण त्यांतले बरेचसे सुतारकामात होते. त्यामुळे आपल्या लारीवर हाका नाव चढले, यात नवल नाही.

असो, मुद्द्यावर येतो. मोडांविषयी कोणी लिहिले नाही. उसळीसाठी आपण काढतो ते मोड इथे उपयोगी नाहीत. त्यात दाणा मोठा आणि शेपूट लहान असते, आणि या पदार्थाला चार-पाच सेंटिमीटर लांबीचे पांढरे, कुरकुरीत देठ हवे असतात. भिजवलेले मूग भोके असलेल्या डब्यात ओल्या कापडाखाली घालून वर ताटली व त्यावर वजन ठेवावे आणि डबा पूर्ण अंधारात ठेवावा. दिवसातून तीन-चार वेळा पाणी घालून निथळून घ्यावे. वजनामुळे देठ जाड होतात आणि अंधारामुळे हिरवे पडत नाहीत. चार ते पाच दिवस लागतात. बडोद्याच्या उन्हाळ्यात लवकर होतात, पण आंबट वासही लवकर येतो, तेव्हा पाण्याचा कंटाळा करू नये.

तिकडे या नूडल्समध्ये लसणीच्या वासाची पिवळी पात घालतात, जी अंधारात वाढवलेली असते. थंडीत खंडेराव मार्केटात जे लीलुं लसण, म्हणजे ओली हिरवी लसूण, मिळते, त्याची कोवळी पात मी घालून पाहिली आहे. चव तंतोतंत तीच नसली तरी जवळची आहे. मोड आणि पात दोन्ही अगदी शेवटी, जेमतेम अर्धा मिनिट परतावीत.

सुरसागरकाठची

सर्वांचे मनापासून आभार. मोड तयार व्हायला पाच दिवस गेले, म्हणून उत्तराला उशीर झाला. आज सकाळी सासूबाईंची जुनी लोखंडी कढई माळ्यावरून काढली, घासून, तेल लावून तापवली आणि सांगितल्याप्रमाणे दोन घाणे केले. नूडल्स पंख्याखाली तासभर ठेवल्या होत्या. पहिला घाणा इतका मोकळा आणि खरपूस झाला की कन्येने तो ओट्याजवळ उभ्यानेच संपवला. तिच्या मते रंग किंचित फिका होता, पण वास बरोबर होता. पेजही केली होती, ती मात्र आम्ही दोघांनी मेतकूट घालून खाल्ली.

दुसरा घाणा मात्र तळाला धरला आणि त्याला करपट वास आला, जरी आच, तेल आणि प्रमाण सारखेच होते. असे का झाले असावे?

लोखंडी कढई

पहिल्या घाण्यातला सॉस कढईला चिकटून राहिला होता. त्यात साखर असते, ती दुसऱ्यांदा तापताना जळते आणि नवीन नूडल्स तिलाच धरतात. दोन घाण्यांच्या मध्ये गरम कढईत थोडे गरम पाणी घालून ब्रशने तळ साफ करा, साबण लावू नका, आचेवर कढई पूर्ण कोरडी करा, धूर निघू द्या आणि मगच नवीन तेल फिरवा. रंगासाठी गडद सॉस पाव चमचा वाढवा, पण तेवढाच फिका कमी करायला विसरू नका.