भायखळा-परळ १९३७: जागा राखीव होती, विजय नव्हे

भायखळेकर: "जागा राखीव होती म्हणून बाबासाहेब १९३७ साली मुंबई विधानसभेत पोहोचले" हे कालच्या लेखातले वाक्य वाचून राहवले नाही. त्या जागेवर काँग्रेसने पालवणकर बाळूंना उभे केले होते आणि तेही दलितच होते. मते पडली १३,२४५ आणि ११,२२५. आरक्षण दोघांनाही सारखेच होते, मग कृपा नेमकी कोणावर झाली?

शंकेखोर: वाक्य माझेच आहे. मतदारसंघ संयुक्त होता, म्हणजे सवर्णही मत देत होते; पुणे करार (दलितांना स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा देणारा) नसता तर ही लढत या स्वरूपात झालीच नसती, एवढेच म्हणायचे होते.

भायखळेकर: मग तसे लिहायचे होते! शिवाय मुंबई प्रांतातल्या भायखळा-परळसारख्या बहुसदस्य (एकाहून जास्त जागांच्या) मतदारसंघांत जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. बाबासाहेबांचा या पद्धतीसाठी आग्रह होता, तो उगाच नव्हे; दलितांना आपली मते एकवटता येत.

जुना गोलंदाज: बाळूंना "काँग्रेसचा उमेदवार" म्हणून एका ओळीत उरकू नका. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या क्रिकेटपटूला हिंदूंच्या क्रिकेट संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले.

शंकेखोर: धागा मतदारसंघाचा आहे, जिमखान्याचा नव्हे.

जुना गोलंदाज: बाळूंना ११,२२५ मते कशाच्या जोरावर पडली, याचा विचार न करता मतदारसंघ समजला असे म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकतो.

परळवासी: भायखळेकर, तुमचा तो "कामगारांचा मतदारसंघ" हा नेहमीचा सूर मला पटत नाही. मताधिकार घरभाडे, कर, शिक्षण यांवर होता. आमचे आजोबा गिरणीत साच्यावर होते, पण खोली थोरल्या भावाच्या नावावर असल्याने यादीत यांचे नाव नव्हते. भाऊ मत देऊन येईपर्यंत हे फाटकाबाहेर त्याची टोपी आणि डबा धरून उभे होते.

भायखळेकर: बरे, "कामगारवस्तीचा" म्हणतो. मात्र बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ मध्ये निघाला आणि वर्षभराच्या आत त्याने ही जागा काढली, हे तरी मान्य करा.

शंकेखोर: मान्य. "राखीव म्हणून" ऐवजी "राखीव जागेवरून" असे वाचावे. समाधान?

परळवासी: नाही. १९३७ आणि १९४६, एवढ्या दोन निवडणुका पाहून तो मतदारसंघ संपला. १९५२ साली प्रौढ मताधिकारावर आजोबांनी पहिल्यांदा मत दिले, आणि त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईत बाबासाहेब काँग्रेसच्या काजरोळकरांकडून हरले. त्यावर लेख कधी लिहिता?